‘अ‍ॅक्सेप्ट’ला मराठीत काय म्हणतात?

आमच्या घरात ‘अ‍ॅक्सेप्ट’ या शब्दावरून जो वाद झाला, त्याची सुरुवात परत आलेल्या एका चेकने झाली. चेक सोसायटीच्या मेंटेनन्सचा होता. दर तीन महिन्यांनी हे तो लिहायचे, खाली सही करायचे आणि मी तो खाली जाऊन सेक्रेटरींच्या पेटीत टाकून यायचे. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. या वेळी मात्र चेक परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होतं: सही जुळत नाही.

ज्या माणसाने बत्तीस वर्षं बँकेत बसून दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, त्याचीच सही जुळेना! पहिल्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. मग मी एक जुना कागद काढला आणि दोन्ही सह्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. वळण तेच होतं, खालची रेघही तीच. पण पूर्वीची ती ऐसपैस सही आता मुंग्यांची रांग झाली होती. सुरुवातीचं अक्षर बारीक, पुढचं त्याहून बारीक आणि शेवटी नुसता ठिपका.

डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलं, बोटं उघडमीट करायला सांगितली, एका कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. त्या चार ओळी पाहूनच त्यांना बहुतेक कळलं असावं. पार्किन्सन्स. आयुर्वेदात ज्याला कंपवात म्हणतात तो. पण ह्यांचा हात तर फारसा थरथरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, ‘‘प्रत्येकाचा हात थरथरतोच असं नाही. हालचाल मंदावणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं, आवाज खाली जाणं आणि अक्षर बारीक होत जाणं, हीसुद्धा त्याचीच लक्षणं.’’ मेंदूतल्या ज्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन बनवतात, त्या हळूहळू नाहीशा होतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. दोनशे वर्षं उलटली, तरी तो मुळापासून बरा करणारं औषध नाही. त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या मात्र १९६०च्या दशकापासून आहेत आणि व्यायामाने पुष्कळ फरक पडतो.

एवढं सांगून डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, गोळ्या देतो, व्यायाम सांगतो. पण पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला हे अ‍ॅक्सेप्ट करावं लागेल.’’

रात्री परदेशातून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही हे अ‍ॅक्सेप्ट केलंत की निम्मं काम झालं.’’ दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. ‘‘अ‍ॅक्सेप्ट केलं ना, की मग त्रास होत नाही,’’ असं म्हणून चहा पिऊन गेल्या. वहिनींची पाठ वळते न वळते तोच हे उखडले.

‘‘अ‍ॅक्सेप्ट करा, अ‍ॅक्सेप्ट करा! म्हणजे नक्की काय करू? कुठे सही करू? आणि केली, तर ती तरी जुळणार आहे का?’’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘तू अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलंस ना? मग सांग मला, अ‍ॅक्सेप्टला मराठीत काय म्हणतात?’’

मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ‘स्वीकारणे’ एवढं उत्तर आठवीतल्या मुलीला चाललं असतं. ह्यांना ते चालणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तेव्हा या शब्दाची पहिली अडचण स्पेलिंगची असे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ आणि ‘एक्सेप्ट’ या जोडीने माझी लाल शाई किती संपवली, त्याला हिशेब नाही. एकाचा अर्थ ‘घेणे’, दुसऱ्याचा ‘वगळून’. म्हणजे अर्थाने पाठीला पाठ लावून बसलेली जुळी भावंडंच. ‘मी तुमचं आमंत्रण वगळून आहे’ अशा अर्थाची पत्रं मुली मोठ्या आदराने लिहून आणायच्या.

दुसरी अडचण ‘रिसीव्ह’ची. पोस्टमन पार्सल देतो आणि आपण ते हातात घेतो, ते ‘रिसीव्ह’. पण उघडून पाहिलं, ठेवून घ्यायचं ठरवलं, तर ते ‘अ‍ॅक्सेप्ट’. पहिल्यात वस्तू आपल्याकडे येते. दुसऱ्यात आपण तिला आपली म्हणतो. लॅटिनमधलं मूळही तेच सांगतं: स्वतःकडे घेणे. आणि आपला ‘स्वीकार’ तर त्याहून नेमका आहे. ‘स्व’ म्हणजे आपलं, आणि त्याला ‘करणे’ जोडलेलं. जे आपलं नव्हतं ते आपलं करणे. ‘अंगीकार’ आणखी एक पाऊल पुढे जातो: ते आपल्या अंगाचाच भाग करणे.

नुसतं हातात घेणं आणि आपलं म्हणणं यांतला फरक पुण्याला शिकवायची खरं तर गरज नाही. या शहराने त्यावर एक मोठा खटला पाहिला आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाच्या निमित्ताने जमवलं आणि मिशनतर्फे सर्वांपुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातात घेऊन बाजूला ठेवला, असं सांगतात. पुढे उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि गावात गहजब झाला. पेला हातात घेतला म्हणजे चहा स्वीकारला का? चहा स्वीकारला म्हणजे धर्म सोडला का? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. जमलेल्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे स्नेह्यांची कोंडी होऊ नये म्हणून रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्यासाठी त्यांच्यावर सुधारकांकडून टीकाही झाली. आता यातला बारकावा पाहा. प्रायश्चित्त त्यांनी स्वीकारलं. पण चहा घेणं हे पाप आहे, हे त्यांना पटलं होतं, असं त्यातून निघत नाही. स्वीकारणं वेगळं, पटणं वेगळं आणि कबूल करणं आणखी वेगळं.

तर मी कागद घेऊन बसले. इंग्रजी माणूस दिवसभरात हा एकच शब्द कुठेकुठे वापरतो, याची यादी करायला लागले. लग्नाचं आमंत्रण तो अ‍ॅक्सेप्ट करतो. नोकरी, बक्षीस, माफी, सल्ला, लाच हेही सगळं अ‍ॅक्सेप्टच करतो. दुकानदार कार्ड अ‍ॅक्सेप्ट करतो, विद्यापीठ विद्यार्थ्याला अ‍ॅक्सेप्ट करतं, सासर सुनेला अ‍ॅक्सेप्ट करतं आणि शरीर दुसऱ्याचं मूत्रपिंड अ‍ॅक्सेप्ट करतं. पुरस्कार घेताना जे भाषण होतं ते अ‍ॅक्सेप्टन्सचं. एखादं काम ‘अ‍ॅक्सेप्टेबल’ आहे असं साहेब म्हणाला, तर हुरळून जायचं कारण नाही, कारण त्याचा खरा अर्थ ‘चालेल, पण मला फारसं आवडलेलं नाही’ असा असतो. आणि मोबाइलवर काहीही उघडायला गेलं की ‘अ‍ॅक्सेप्ट’चं बटण समोर येतं. त्या बटणामागचा मजकूर वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता यातल्या प्रत्येक ठिकाणी मराठी माणूस काय म्हणतो? आमंत्रणाला तो होकार देतो. नोकरी धरतो किंवा पत्करतो. माफी पदरात घेतो. सल्ला मानतो. लाच खातो, स्वीकारतो ती फक्त वर्तमानपत्राच्या बातमीत, तीही रंगेहाथ पकडला गेल्यावर. रजेचा अर्ज मंजूर होतो, गुन्हा कबूल होतो, मुलगी पसंत पडते, जावयाने दिलेली साधी भेट गोड मानून घेतली जाते. नवी सवय अंगवळणी पडते, कडू सत्य पचनी पडतं, वडिलांचा हट्ट चालवून घ्यावा लागतो. महापालिकेत निवडून न येता सभागृहात बसतात ते ‘स्वीकृत’ नगरसेवक. आणि लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं छापलेलं असतं. तिथे मात्र अगदी शुद्ध ‘स्वीकार’ आहे, कारण नकार द्यायचा आहे!

हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘पत्करणे’ घ्या. ‘एकवेळ उपास पत्करला, पण तिथलं जेवण नको.’ दोन नकोशा गोष्टींतली कमी नकोशी निवडायची, तेव्हा पत्करतात. ‘कबूल’ आणि ‘मंजूर’ हे दोन्ही अरबीतून आलेले, पण दोघांचं काम निराळं. कबूल करतो तो खालचा, मंजूर करतो तो वरचा. आणि ‘चालवून घेणे’ यात तर पूर्ण नापसंती आणि पूर्ण समंजसपणा दोन्ही एकाच क्रियापदात बसवलेले आहेत.

मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. इंग्रजीतून मराठीत येणारा उलटा कोश त्याने सुरू केला आणि टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. हे कँडीसाहेब पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेशी वर्षानुवर्षं बांधलेले. एका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रांग लावताना या माणसांनी काय परिश्रम केले असतील! आणि आज आपण ती सगळी रांग पुसून एकच शब्द म्हणतो: ‘अ‍ॅक्सेप्ट कर.’ सोय झाली, पण होकार, कबुली, पसंती, मंजुरी, निमूटपणा यांतलं नेमकं काय अपेक्षित आहे, हे ऐकणाऱ्याने आपापलं ओळखायचं.

कायद्याने ही पंचाईत स्वतःपुरती सोडवली आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा सांगतो की, स्वीकार हा निरपवाद आणि बिनशर्त असला पाहिजे. समोरच्याने जे देऊ केलं ते जसंच्या तसं घ्यायचं. ‘घेतो, पण...’ म्हटलं की तो स्वीकार राहत नाही, उलटा प्रस्ताव होतो. आमच्या पिढीतल्या लग्नाच्या बैठकी आठवा. ‘मुलगी पसंत आहे, पण मानपानाचं काय?’ हा होकार नव्हेच, नवा प्रस्ताव! त्याच कायद्यात पत्राने पाठवलेल्या स्वीकाराचाही विचार आहे. होकाराचं पत्र लाल पेटीत पडलं की ज्याने प्रस्ताव मांडला तो बांधला जातो. पत्र पाठवणारा मात्र, ते समोरच्याच्या हाती पडेपर्यंत, शब्द मागे घेऊ शकतो. पत्र वाटेत असताना तार करून ते मागे घेण्याची सोय पूर्वी होती. तारसेवाच २०१३ मध्ये बंद झाली, म्हणून आता घाईच्या माणसांनी आधीच विचार केलेला बरा.

पण डॉक्टर म्हणाले ते ‘अ‍ॅक्सेप्ट’ यांतलं कोणतं? आजार हा काही प्रस्ताव नव्हे. त्याने विचारलेलंच नसतं, मग होकार कसला द्यायचा?

हा अर्थ इंग्रजीतही रोजच्या बोलण्यात रुळला तो मुख्यतः मानसशास्त्राच्या वाटेने. एलिझाबेथ कुबलर-रॉस या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मनोविकारतज्ज्ञ अमेरिकेत मरणासन्न रुग्णांशी तासन्‌तास बोलत. १९६९ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकात मनाच्या पाच अवस्था मांडल्या: नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी अ‍ॅक्सेप्टन्स. लोकांनी मात्र त्याचा पाच पायऱ्यांचा जिना करून टाकला आणि प्रत्येक दुःखी माणसाला त्यावर ढकलायला सुरुवात केली. प्रत्येक जण त्या क्रमाने जात नाही, हे खुद्द बाईंनी नंतर सांगितलं होतं. आमचे हे त्या वेळी दुसऱ्या पायरीवर होते आणि गाव त्यांना पाचवीवरून हाका मारत होतं!

पुण्यात हा शब्द ज्यांनी मराठीत अक्षरशः जगून पाहिला अशी एक जागा आहे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं आणि पु. ल. देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसनातून बाहेर पडण्याच्या कुठल्याही उपचारात पहिलं काम असतं ते ‘मी दारूपुढे हरलो आहे’ हे स्वतःशी मान्य करण्याचं. पण व्यसनी माणूस कबूल तर शंभरदा करतो. सकाळी बायकोपुढे रडून कबूल करतो आणि संध्याकाळी पुन्हा पितो. कबुली तोंडाने होते. स्वीकार व्हायला दुसऱ्या दिवशी उठून काहीतरी करावं लागतं.

ही टिपणं मी ह्यांना वाचून दाखवली. ऐकताना चेहऱ्यावर काही दिसेना. ते आता फारसं दिसत नाहीच, हे मला शिकायचं होतं. मी वाचायची थांबले तेव्हा म्हणाले, ‘‘तुझी यादी चांगली आहे. पण मला जेव्हा लोक अ‍ॅक्सेप्ट करा म्हणतात ना, तेव्हा मला यातलं एकच ऐकू येतं. पदरी पडलं पवित्र झालं. मान खाली घाल आणि बस.’’

मला एकदम लक्षात आलं. आम्ही सगळे एक शब्द बोलत होतो आणि ते दुसराच ऐकत होते. मुलाला म्हणायचं होतं, ‘बाबा, उपचार सुरू करा.’ वहिनींना म्हणायचं होतं, ‘मला वाईट वाटतंय.’ डॉक्टरांना म्हणायचं होतं, ‘गोळ्या चुकवू नका.’ आणि ह्यांच्या कानावर एकच येत होतं: हरलात, मुकाट्याने बसा.

जरा वेळाने तेच म्हणाले, ‘‘पण तू एक शब्द विसरलीस. मी आठ वर्षं बिल्स डिपार्टमेंटला होतो.’’

आणि मग हळू आवाजात, थांबत थांबत, त्यांनी मला शिकवलं. व्यापारी उधारीवर माल पाठवतो आणि घेणाऱ्याच्या नावाने बिल काढतो: अमुक दिवसांनी इतकी रक्कम द्या. आपल्या जुन्या पेढ्यांवरची मुदती हुंडी तीच. ज्याच्या नावाने ती लिहिली आहे, त्याने सही करेपर्यंत तिच्यावरून त्याला कोणी धरू शकत नाही. त्याने त्या कागदावर ‘अ‍ॅक्सेप्टेड’ लिहून सही केली की चित्र बदलतं. त्या क्षणापासून पहिली जबाबदारी त्याची. १८८१ चा पराक्राम्य लेखांचा कायदा त्याला ‘अ‍ॅक्सेप्टर’ म्हणतो. ‘‘आणि याला मराठीत शब्द आहे. हुंडी सकारणे. पेढीवरचे म्हातारे मुनीम तोच म्हणायचे.’’

मी कोश उघडला. मोल्सवर्थमध्ये ‘सकारणे’ होतं. हुंडी स्वीकारणे हाच अर्थ.

‘‘सही करणारा काही खूश होऊन करत नाही,’’ हे म्हणाले. ‘‘रक्कम मोठी असते, मुदत जवळ असते. पण हुंडी सकारली म्हणजे तो हरला असं बाजारात कोणी म्हणत नाही. उलट पत वाढते. हा माणूस आपल्या नावाचा कागद ओळखतो, असं म्हणतात.’’

मी गप्प बसले. अठ्ठावीस वर्षं शिकवलेला शब्द मला त्या दिवशी कळला. आवडणं नाही, पटणं नाही, मान तुकवणंही नाही. हा कागद माझ्या नावाने आला आहे आणि याचं काय करायचं ते आता मी पाहणार, एवढंच.

‘‘मग सकारताय का?’’ मी विचारलं.

‘‘मुदती बिलाला कायद्याने तीन दिवसांची सवलत असते,’’ ते म्हणाले. ‘‘मला ते तीन दिवस दे.’’

चौथ्या दिवशी सकाळी ते स्वतःच म्हणाले, ‘‘ती दुरेघी वही आण.’’ पार्किन्सन्सच्या रुग्णांना रेघांच्या आधाराने मोठं अक्षर काढायला लावतात, असं व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं आणि ह्यांनी ते उडवून लावलं होतं. तेव्हापासून रोज एक पान. अक्षर रेघेला टेकलं पाहिजे, ही माझी अट. मी लाल शाईचं पेन पुन्हा बाहेर काढलं आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथेही आम्ही जायला लागलो. पहिल्या दिवशी हे दारातच घुटमळले होते. आता तिथल्या एका गृहस्थांशी बँकेच्या जुन्या गप्पा रंगतात. दोघांचेही आवाज इतके हळू, की ऐकायला तिसऱ्याला मध्ये वाकावं लागतं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस वाईट असतात. शर्टाचं बटण लागत नाही म्हणून परवाच त्यांनी शर्ट भिरकावला. अशा दिवशी मी ‘अ‍ॅक्सेप्ट करा’ असं म्हणत नाही. शर्ट उचलते आणि दुसरा, चेनचा, पुढे करते. ते कधी घेतात, कधी घेत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही बँकेत गेलो, नमुन्याची नवी सही द्यायला. काउंटरवरच्या मुलीने कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘‘काका, सावकाश करा.’’ ह्यांनी कार्डावरच्या चौकटीकडे दुरेघी वहीकडे पाहावं तसं पाहिलं. सही करायला दोन मिनिटं लागली असतील. मागे रांग होती, पण कोणी काही बोललं नाही. सही पूर्वीसारखी झाली नाही. अक्षरं जरा तिरकी गेली, खालची रेघ तुटली. पण बारीक झाली नाही. शेवटचं अक्षर वाचता येत होतं.

मुलीने कार्ड उचलून निरखून पाहिलं. ‘‘यापुढे हीच सही धरू ना?’’

‘‘हीच,’’ हे म्हणाले. ‘‘ही माझी आहे.’’

या तिमाहीचा मेंटेनन्सचा चेक वटला.